गव्हाळ म्हणजे नेमका कोणता गहू?

निलंग्याला तहसीलसमोर झेरॉक्स-टायपिंगची दुकानं आहेत. त्यांतलं एक माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं. निवृत्त मास्तराला सकाळी कुठंतरी बसायला लागतं, मी तिथं बसतो. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, फेरफाराचे अर्ज असली कामं वर्षभर चालतात आणि तुळशीचं लग्न झालं की पोरापोरींचे बायोडाटे सुरू होतात. बायोडाटा नव्यानं कुणी करत नाही. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, वरचा गणपती तसाच ठेवायचा, नाव पुसून नाव घालायचं. जन्मवेळ, रास, नाडी, देवक, मामाचं गाव, सोयरेसंबंध हे काळजीनं बदलावं लागतं, कारण तिथं चूक झाली तर भांडण ठरलेलं. एक ओळ मात्र या फाइलीतून त्या फाइलीत जशीच्या तशी उतरत येते.

परवा एक गृहस्थ शेतातून तसेच आले होते. पायताणाला चिखल वाळलेला. दुकानदारानं विचारलं, "मामा, वर्ण काय टाकू?"

"आधीचं काय हाय?"

"गव्हाळ."

"मग ऱ्हाऊ दे की तेच."

मुलगी लातूरला होस्टेलवर. दुकानदारानं तिला पाहिलेली नव्हती, मीही नाही. पुण्याकडच्या स्थळांना पाठवायला इंग्रजी प्रतही हवी होती. तीही फाइल तयारच होती आणि तिच्यात त्याच जागी 'व्हीटिश' होतं. वीस प्रती निघाल्या, पैसे दिले, मामा गेले. मी चहा संपवता संपवता विचार करत राहिलो, की आत्ता आपल्यासमोर जे लिहिलं गेलं ते कशाचं वर्णन होतं? मुलीचं तर नक्कीच नव्हतं.

'व्हीटिश' हा शब्द दिसायला इंग्रजी, पण इंग्रजांच्या रोजच्या वापरातला नव्हे. लंडनमध्ये कुणाला आपल्या मुलीचं वर्णन या शब्दात करावंसं वाटणार नाही. त्यांच्याकडे गव्हाच्या रंगासाठी 'व्हीटन' असा जुना शब्द आहे आणि आज तो भेटतो मुख्यतः कुत्र्यांच्या बाबतीत. आयर्लंडमधल्या मऊ केसांच्या एका टेरियर जातीच्या नावातच तो आहे. माणसाच्या कातडीला गहू लावला तो आपण, आणि त्यालाही 'इश' हे शेपूट जोडून. मराठीला अशी शेपटं मुबलक आहेत. लालसर, निळसर, पिवळट, काळपट, तांबूस. सगळी सांगतात, की रंग आहे, पण पुरता नाही. गव्हाला आपण 'आळ' लावला. रसाळ फळात रस भरलेला असतो, दुधाळ म्हशीला दूध खरंच असतं. गव्हाळ माणसात गहू किती, ते कुणी मोजत नाही.

आणि मोजायचं म्हटलं तर गहू तरी कोणता? खपली तांबूस, बन्सी गडद मधासारखा, शरबती सोनेरी, लोकवन त्याहून फिका. चारही ओंजळी शेजारीशेजारी ठेवा, तुम्हाला तेलंगणापासून कोकणापर्यंतची माणसं त्यांत बसवता येतील. ज्या शब्दात सगळेच मावतात तो शब्द वर्णनाच्या कामाचा राहत नाही.

ही खोड फक्त आपली नाही. फारसीत गहू म्हणजे गंदुम, त्यावरून उर्दूत गंदुमी रंग. अरबीत कमही म्हणतात, तोही गव्हावरूनच. तुर्क 'गव्हाच्या कातडीचा' म्हणतो. स्पॅनिशमधला त्रिगेन्यो आणि पोर्तुगीजमधला त्रिगेइरो हे दोन्ही गव्हाच्या दाण्यातून उगवलेले शब्द, आणि लॅटिन अमेरिकेत त्रिगेन्यो हा गोऱ्या-काळ्याच्या मधल्या माणसाला आजही लावला जातो. निलंगा १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. तेव्हा आमचा तालुका बीदर जिल्ह्यात, १९५६ नंतर उस्मानाबादेत, आणि १९८२ पासून लातुरात. त्या जुन्या अमलात कचेरीची भाषा उर्दू, आणि उर्दूत कुणाचा हुलिया सांगायचा तर 'रंग गंदुमी' हा ठरलेला शब्द. तेव्हा आमच्या भागात गव्हाळ हा शब्द जितका शेतातून आला तितकाच कचेरीतूनही आला असावा, असा माझा कयास आहे. नुसता शेतातूनच आला असता तर तो गहू नसता, हे त्यातलं मुख्य कारण.

कारण हा मुलूख ज्वारीचा. मी लहान असताना घरात पोळी म्हणजे पुरणाची, तीही सणाला. पाहुणा आला तर चपाती, नाहीतर भाकरी. गहू डब्यात नव्हे, गाठोड्यात असायचा आणि आई तो दिवस बघून काढायची. तुर्काच्या किंवा अरबाच्या घरात गहू रोजचा. तो 'गव्हाच्या रंगाचा' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, आपल्या रोजच्या भाकरीसारखा, चारचौघांसारखा. आम्ही तोच शब्द घेतला आणि तो आमच्या तोंडी येईपर्यंत सणाचा झाला. तिकडे साधारण माणसाचं नाव असलेला शब्द इकडे वरच्या पायरीवर गेला. खरं म्हणजे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचा रंग सांगायचा तर भाजलेल्या भाकरीच्या पदरासारखा म्हणावं लागेल, पण तसं बायोडाटात कोण लिहील?

गव्हाच्या रंगाची एक गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते. साठच्या दशकात मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं बियाणं आलं. १९६६ मध्ये तर अठरा हजार टन एकदम. सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो ही त्यांतली दोन नावं. रोहो म्हणजे स्पॅनिशमध्ये लाल. पीक भरघोस, पण दाणा लालसर, चपाती काळपट दिसते म्हणून बाजारात भाव कमी. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोरा ६४ वर गॅमा किरणांचा मारा केला आणि त्यातून पिवळसर सोनेरी दाण्याचा शरबती सोनोरा निवडून काढला, १९६७ मध्ये. कल्याणसोना आणि सोनालिका हेही पिवळसर दाण्याचेच लोकांनी उचलले. विज्ञान म्हणून हे काम थोरच होतं, देशाचं पोट त्यानं भरलं. पण एक गंमत लक्षात घ्या. देशात अन्नाची टंचाई, परदेशातून जहाजं येतायत आणि तरीही गिऱ्हाइकाचा आग्रह, की दाणा उजळ पाहिजे. ज्या गव्हाच्या नावानं आपण माणसाचा रंग सांगतो, त्या गव्हालाही आधी गोरं व्हावं लागलं.

लाल धान्याचा राग मी स्वतः पाहिलाय. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेची लाल ज्वारी. मी बारा वर्षांचा होतो. भाकरी तांबडी व्हायची आणि थापताना चिरायची. आजी ती हातात घेऊन उजेडात धरायची आणि काही न बोलता मोडायची. भूक होती म्हणून खाल्ली, पण दुष्काळ संपल्यावर आमच्या घरात कुणी मिलोचं नाव काढलेलं आठवत नाही.

आता दुसरी बाजू बघा. याच लोकांना रंग दिसत नाहीत, सांगता येत नाहीत, असं म्हणायची सोय नाही. आमच्या उशाला देवणी आहे, तिकडे कंधार. देवणी गाईचे तीन प्रकार कुठलाही गुराखी तुम्हाला लांबून सांगेल. अंग पांढरं आणि तोंडाची बाजू काळी तो वानेरा. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. वरून स्वच्छ पांढरा आणि काळं काय ते पोटाखाली तो बालंक्या. लाल कंधारीचा लाल हा विटेचा नव्हे आणि गेरूचाही नव्हे, हे बाजारात एकदा तरी हिंडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण सगळे वापरतो. त्यातला वाण म्हणजे वर्ण, रंग. आज पोरांना वाण म्हटलं की सोयाबीनचं बियाणं आठवतं, पण म्हण रचणाऱ्यानं आधी बैलाचा रंग पाहिला होता.

जमिनीचं तर विचारू नका. काळी, भारी, मध्यम, चिबड, मुरमाड, बरड, तांबूस, पांढरट चुनखडीची. जुन्या गावगाड्यात काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, असे गावाचे दोन भागच रंगांनी ओळखले जायचे. याहून बारकाई हवी तर माती-शास्त्रज्ञ मनसेलचा तक्ता वापरतात. मनसेल हा अमेरिकेतला चित्रकलेचा मास्तर. रंगाची छटा, उजळपणा आणि तीव्रता आकड्यांत मांडायची पद्धत त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. ढेकूळ हातात धरायचं, तक्त्यातल्या भोकाखाली न्यायचं, शेजारच्या चौकटीशी जुळवायचं. मराठवाड्यातली भारी काळी जमीन या तक्त्यात बऱ्याचदा १० वायआर ३/१ किंवा ३/२ अशी उतरते आणि तिथं तिचं नाव काळी नसतं, 'अतिगडद राखाडी' किंवा 'अतिगडद राखाडी-तपकिरी' असतं. म्हणजे जिला आपण अभिमानानं काळी म्हणतो ती तक्त्याप्रमाणे काळी नाहीच. पण तिला काळी म्हणताना आपल्याला कमीपणा वाटत नाही, उलट बांधावरचा माणूस छाती काढून म्हणतो, 'आपली काळीभोर जमीन आहे.' सौदा वाढतो. तोच माणूस घरी येऊन मुलीच्या कागदावर शब्द हलका करतो, कारण तिथं सौदा पडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाषा जिथं लाजते तिथं ती ढोबळ होते. बैलाच्या रंगाची लाज नाही म्हणून त्याला तीन नावं. मुलीच्या रंगाची धास्ती आहे म्हणून तिला एकच, आणि तेही फाइलीत आधीपासून भरलेलं.

विठ्ठल काळा, कृष्ण सावळा, संक्रांतीला काळी चंद्रकळा, आमच्या गावचा देव तर नीलकंठेश्वर आणि संस्कृतात नील म्हणजे निळ्यापासून काळ्यापर्यंत काहीही. हे दाखले या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतात. मला त्यांचा कंटाळा आहे. देवाच्या रंगानं आजवर एकाही मुलीचं स्थळ जमलेलं नाही.

ढोबळ शब्दाचा तोटा कुठं होतो ते पोलिसांच्या शोधपत्रकात दिसतं. बसस्टँडच्या खांबावर चिकटवलेलं असतं. रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा गोल, केस काळे, उंची पाच फूट दोन इंच. हे वाचून मान वर करा, समोरच्या लातूर गाडीत अशी दहाजणी बसलेल्या दिसतील. त्या पत्रकात कामाचं वाक्य असतं ते शेवटचं. उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण, हातावर नाव गोंदलेलं. मी नोकरीला लागलो तेव्हा सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर माझी उंची लिहिली आणि ओळखीची खूण म्हणून डाव्या हाताच्या पंज्यावरचा तीळ. कारकून अनुभवी होता, त्यानं तीळ स्वतः पाहिला, बोट लावून पाहिला. रंगाकडं त्यानं बघितलंही नाही. माणूस ओळखायचाच असेल तेव्हा सरकारलाही तिळाचा भरवसा वाटतो.

मग हा शब्द सरळ टाकून का देऊ नये? इथं मला माझ्याच घरातली गोष्ट आडवी येते. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आलेल्या एका घरानं मागाहून निरोप धाडला, मुलगी पत्रात गव्हाळ होती, घरात सावळी निघाली. जणू माल बदलून दिला. वडील हट्टी. त्यांनी पुढच्या सगळ्या पोस्टकार्डांवर स्वतःच्या अक्षरात 'सावळी' असं स्वच्छ लिहिलं. उत्तरं यायची बंद झाली. पावणेदोन वर्षं. शेवटी काकांनी वडिलांना न सांगता शब्द पुन्हा बदलला, लोक यायला लागले, त्यांतल्या एकांनी तिला पाहिलं, तिच्याशी बोलले आणि लग्न झालं. संसार चांगला झाला. काकांचं खोटं नसतं तर त्या माणसानं आमच्या दारात पाऊल टाकलं नसतं. तेव्हा गव्हाळ हा शब्द म्हणजे निव्वळ लबाडी, असं मी तरी म्हणू शकत नाही. दार किलकिलं करणारी ती एक पाचर होती. बायका हे फार चांगलं जाणतात. 'रंग जरा डावा आहे, पण नाकीडोळी नीटस' म्हणणारी आत्या आपल्या भाचीची वकिलीच करत असते.

पण वकिली कोणत्या कायद्याखाली चालते तेही पाहावं. निमगोरी हा शब्द आपल्याकडे आहे, निमकाळी नाही. गोऱ्या मुलीला चुकून कुणी गव्हाळ लिहिलंय, असं पन्नास वर्षांत माझ्या पाहण्यात नाही. सावळीचीच गव्हाळ होते. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचं मॉइश्चर यंत्रावर बघतात. बारा टक्क्यांच्या वर गेलं की कट्टी लागते, आणि यंत्राचा आकडा शेतकऱ्याच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडं जाऊ शकतो. या शब्दाचा काटा एकाच अंगाला झुकलेला. तो रंग सांगत नाही, गोऱ्यापासूनचं अंतर कमी करून सांगतो. म्हणजे आत्या भाचीला वाचवते, पण वाचवता वाचवता मोजपट्टी पक्की करून ठेवते.

त्यात उन्हाचा हिशेब कुणीच धरत नाही. रापलेला हा मराठीतला किती नेमका शब्द आहे! तो रंगाबरोबर कारणही सांगतो. रोजगार हमीवर खडी फोडलेली, खुरपायला गेलेली, तूर कापलेली बाई रापते. सावलीत बसलेली रापत नाही. कुणी उन्हात राबायचं आणि कुणी ओसरीवर बसायचं, हे आपल्याकडे जातीनं ठरलेलं होतं, म्हणून रंगाच्या पसंतीत जातीचा हिशेब मिसळलेला आहेच. वर्ण या शब्दाचे तीनही अर्थ, रंग, अक्षर आणि चातुर्वर्ण्यातली पायरी, आमच्या बायोडाटाच्या एका पानावर गुण्यागोविंदानं नांदतात. पत्रिकेच्या छत्तीस गुणांत वर्णाला एकच गुण असतो म्हणे. कागदावरच्या त्या दुसऱ्या वर्णाला किती, ते पाहायला आलेले लोक बाहेर पडल्यावर गाडीत ठरवतात. मुलाच्या बायोडाटातही ही ओळ असते, पण ती वाचायच्या आधी डोळे एकर आणि पगाराकडं गेलेले असतात.

२०२० साली याबाबतीत बरंच काही बदलल्यासारखं झालं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर रंगाची चर्चा उसळली होती. जूनमध्ये डॅलसमधल्या एका भारतीय वंशाच्या बाईनं ऑनलाइन याचिका चालवली आणि शादी डॉट कॉमनं रंगाची चाळणी काढून टाकली. १९७५ पासून घराघरांत शिरलेली फेअर अँड लव्हली त्याच वर्षी ग्लो अँड लव्हली झाली. ट्यूब तशीच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लोक मागतात जुन्याच नावानं. चाळणी गेली, पण फोटो आहेच, आणि मोबाइलचा कॅमेरा आता न सांगता दोन छटा उजळ काढतो. पूर्वी काका शब्द बदलायचे, आता ते काम फोनच करतो.

तरी मीही मास्तरच. त्या शेतकरी मामांनंतर दोन दिवसांनी मी दुकानदाराला म्हटलं, "अरे, तुझ्या फाइलीतून ती ओळच काढून टाक. ना गोरी ना गव्हाळ. लोकांना कळणारही नाही."

त्यानं माझ्यासमोर काढली. उंची, आणि खाली थेट रक्तगट. मला बरं वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी गेलो तर पडद्यावर कुणाचा तरी बायोडाटा उघडा होता आणि उंचीखाली वर्ण, त्यापुढं गव्हाळ. मी नुसतं बघितलं. तो ओशाळला.

"सर, तीन जण परत आले. म्हणले, ही ओळ का नाही? पाहुणे विचारायलेत."

"मग सांगायचं, आम्ही लिहीत नाही."

"तसं नाही सर." त्यानं माउस सोडला. "ओळच नाही म्हणजे पोरगी काळी असणार, म्हणायलेत."